उन्हात वाळलेला नाताळ

आयुष्यात मी एकाच माणसाचा मनापासून हेवा केला, आणि ते माणूस आमच्या शाळेत शिवण शिकवायचं.

अग्नेस डिमेलो त्यांचं नाव. शाळेत सगळे डिमेलोबाई म्हणायचे, मिरजोळ्याला त्यांच्या वाडीत आगुताय. मी साळवी, त्याच शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. माझ्याकडे मुंबईच्या कलाशाळेची पदविका होती, भाट्याच्या समुद्राची जलरंगातली चाळीसेक चित्रं होती, आणि आपण चित्रकार आहोत अशी पक्की खात्री होती. बाईंकडे एक कात्री होती. काळ्या मुठीची, शिवणाची. नाडीत ओवून त्या ती गळ्यात घालत आणि तास संपला तरी काढायला विसरत. बाजारात, एसटीत, चर्चमध्येसुद्धा ती कात्री त्यांच्या पोटावर हेलकावे खात असायची. त्या एका कात्रीनं बाईंनी या गावात जे मिळवलं, ते मला माझ्या सगळ्या ब्रशांनी मिळवता आलं नाही. बाई आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी पोटात दुखतं आणि मग आठवण येते. तर त्याच क्रमानं लिहितो.

बाई नाताळची कार्डं करायच्या. हातानं, घरी, आणि भर उन्हाळ्यात.

मला हे कळलं तेव्हा मी शाळेत नवीन होतो. मे महिना होता. स्टोअरच्या कपाटाची किल्ली बाईंकडे राहिली होती, ती आणायला मी स्कूटरवरून मिरजोळ्याला गेलो. कारखान्यांच्या शेड मागे पडल्या की उतार लागतो, आणि उजव्या हाताला चिऱ्याच्या गडग्याच्या कुंपणामागे त्यांचं कौलारू घर. अंगणात कुणाच्याही अंगणात असतं तसं वाळवण पडलं होतं. शेजारणीच्या आंबापोळीची ताटं, तांदळाचे पापड, एका सुपात कोकमाची सालं. आणि त्यांच्या शेजारी दाराच्या जुन्या फळीवर ओळीनं मांडलेली पंधरा-वीस कार्डं, प्रत्येकावर एकेक गुळगुळीत खडा. बाई डोक्यावर ओला पंचा टाकून पायरीवर बसल्या होत्या. हातात कावळे हाकायची काठी.

“हे काय हो बाई?”

“वाळवण,” त्या म्हणाल्या. “हे शेजारणीचे पापड, हा माझा नाताळ.”

“पण नाताळ डिसेंबरात असतो.”

“तो तेव्हाच असतो ओ सर. पण डिसेंबरात अख्ख्या वाडीची झबली-फ्रॉक माझ्याच मशीनवर पडतात. मग कार्डं करायची कधी? सुट्टी आत्ता, फुलं आत्ता, लग्नपत्रिका आत्ता. नि पाऊस लागला की कागद सादळतो. त्याला खळ धरत नाय.”

लग्नपत्रिकांचा संबंध मला कळेना. मग त्यांनी आतून एक पिशवी आणून दाखवली. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. वाडीतल्या सगळ्या घरांतल्या पत्रिका लग्न लागलं की बाईंकडे जमा व्हायच्या. त्यातला सोनेरी काठ कापून बाई बेथलेहेमचा तारा करत. पत्रिकेवरच्या गणपतीला मात्र कात्री लावत नसत. ते सगळे गणपती एका बरणीत साठवून चतुर्थीला शेजारणीच्या हाती देत, विसर्जनाबरोबर सोडायला. गोठा म्हणजे हापूसच्या पेटीतला पेंढा. मेंढ्या म्हणजे सावरीचा कापूस. आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ म्हणजे भोपळ्याची एक बी, बस्स. चेहरा कुणालाच नसायचा. बाईंना चेहरे काढता येत नसत. मी चांगले काढायचो.

मला त्या फळीवरची कार्डं पाहून पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, यांचं प्रमाण चुकलंय. उंटापेक्षा बी मोठी आहे. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हे आपल्याला का सुचलं नाही.

बाईंची एक रीत होती. एका दिवशी एकच कार्ड, आणि ते एकाच माणसाचं. सकाळी उठून त्या ठरवत, आज पोस्टमनचा दिवस. मग दिवसभर त्याच माणसाचा विचार. चहा पिताना, भात लावताना, विहिरीवर. तो चालतो कसा, हसतो कसा, त्याची आई बरी आहे का. दुपारी बसून कार्ड पुरं करायचं, संध्याकाळी उन्हातून उचलायचं. “घाई केली तर डिंक सुटतो नि माणूस पण सुटतो,” असं त्या म्हणत. पोस्टमनच्या कार्डात तीन राजे सायकलवर बसून आले होते, मागच्या राजाच्या कॅरिअरला पिशवी. वायरमनच्या कार्डात तारा विजेच्या खांबाला लटकला होता. आमच्या शाळेचा शिपाई सदाशिव, त्याच्या कार्डात देवदूत चक्क शाळेची घंटा बडवत होता, आणि आत शिवणाच्या टाक्यांसारख्या बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, “सदाशिवभाऊ, तुम्ही वेळेवर वाजवता म्हणून आम्ही वेळेवर आहोत. नाताळ सुखाचा जावो.”

सदाशिवनं ते कार्ड घंटेच्या बाजूच्या खिळ्याला अडकवलं. पुढच्या डिसेंबरात नवं येईपर्यंत ते तिथं होतं. त्याच व्हरांड्यात, चार पावलांवर, मी शाळेला भेट दिलेला समुद्र टांगलेला होता. त्याच्यापुढे कुणीतरी खेळाच्या साहित्याचं कपाट आणून ठेवलं होतं. वर नुसतं आकाश दिसायचं.

त्याच सुमाराला स्टाफरूममध्ये बाईंच्या कार्डांचं कौतुक चाललं होतं. जो तो आपापलं दाखवत होता. मी नवा, मला अजून आलेलं नव्हतं. मी चहा ढवळत म्हणालो, “छान आहे. पण ही काही कला नव्हे. कातरकाम आहे.”

मागे बाई उभ्या होत्या. त्या हसल्या. “खरं आहे ओ सर. कात्रीचंच काम.”

एवढंच. मला वाटलं, त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

त्यांच्यावर काही आलं तरी ते त्यांच्या अंगाला चिकटत नसे, आणि मला नेमकं तेच खुपायचं. एका वर्षी चर्चमध्ये नवे फादर आले. गंभीर माणूस, शुद्ध मराठी बोलायचे. नाताळच्या सकाळी आम्ही दोघं-तिघं शिक्षक शुभेच्छा द्यायला गेलो होतो. प्रार्थना संपून लोक बाहेर मांडवात उभे होते. बाईंनी फादरना कार्ड दिलं. फादरनी ते सगळ्यांसमोर उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “आमच्या येथे श्रीकृपेकरून...” आणि थांबले. त्या वर्षी कागद कमी पडला म्हणून बाईंनी आख्खी लग्नपत्रिकाच उलटी दुमडून वापरली होती, आणि आतली ओळ झाकायची राहिली होती.

मी मनात म्हटलं, सापडल्या बाई आज. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला होता की हातातला केकचा तुकडा तसाच राहिला.

फादरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, “बरोबरच आहे. तो आला तो श्रीकृपेकरूनच.” आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. मांडव हसला. बाई तर पदर तोंडाला लावून हलत होत्या. त्या दिवसानंतर फादरांचं आणि वाडीचं जमलं ते कायमचं. केक मी तिथंच ताटलीत ठेवला.

तर पुढच्या उन्हाळ्यात मीही कार्ड केलं. कुणाला न सांगता. रत्नदुर्गाचा बुरूज, मागे काळोखा समुद्र, वर एकच तारा. तीन आठवडे खपलो. पाण्यातलं ताऱ्याचं प्रतिबिंब असं उतरलं की माझे मुंबईचे सर असते तर पाठ थोपटली असती. डिसेंबरात त्याच्या चाळीस रंगीत झेरॉक्स काढून मी सगळ्या स्टाफला वाटल्या. सगळे म्हणाले, “वा साळवी सर, काय हात आहे!” पंधरा दिवसांनी स्टाफरूमचं डुगडुगणारं टेबल डुगडुगेनासं झालं. मी वाकून पाहिलं. पायाखाली चार घड्या केलेला माझा बुरूज होता. आणि हेडसरांच्या टेबलावर काचेखाली बाईंचं कार्ड, भोपळ्याच्या बीचा फुगवटा आल्यानं ती काच एका कोपऱ्यात जरा वर उचललेली. सरांना लिहिताना त्याचा त्रास व्हायचा. तरी त्यांनी ते काढलं नाही.

घरीसुद्धा तेच. सुमन, माझी बायको, बाईंची कार्डं शोकेसमध्ये ठेवायची, पितळी समयांच्या शेजारी. हॉलमधल्या माझ्या चित्रावर तिनं कॅलेंडर टांगलं होतं, कारण खिळा तिथंच होता.

त्या शोकेसमधल्या कार्डांचंही एक होतं. दर डिसेंबरात बाई आमच्याकडे दोन कार्डं द्यायच्या. सुमनचं वेगळं, माझं वेगळं. सुमनच्या कार्डात काय नसे! एकदा तिनं लावलेल्या अबोलीच्या सुकवलेल्या पाकळ्या होत्या, एकदा मरियेच्या डोक्यावर हुबेहूब सुमनच्या लुगड्याचा काठ होता. माझं कार्ड मात्र दर वर्षी एकसारखं. पांढरा दुमडलेला कागद, कोपऱ्यात वाळलेल्या गवताची एक काडी. आत “साळवी सरांस, नाताळच्या शुभेच्छा.” मी दर वर्षी हसून घ्यायचो. आणि दर वर्षी सदाशिवच्या खिळ्याकडे जाऊन त्याचं पाहून यायचो.

बाई माझ्याआधी चार वर्षं निवृत्त झाल्या. कार्डं चालूच होती. उलट आता वेळ होता, म्हणून संख्या वाढली होती. माणसं आता मोबाईलवर फुलं आणि घंटा पाठवायची, बाईंचा फोन फक्त बोलण्यापुरता होता. मग माझं निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, बाई रिक्षा करून आमच्या घरी आल्या. मांडीवर पत्र्याचा मोठा चौकोनी डबा. दुकानात बिस्किटांचे असतात तसला.

“सर, माझी बहीण पडली. खुब्याचं हाड मोडलंय. सावंतवाडीला चाललेय, पाऊस सरेपर्यंत काय यायला होणार नाय. हा डबा तुमच्याकडे ठेवू?”

“यात काय आहे?”

“ह्या उन्हाळ्याची कार्डं. बासष्ट झालीत. घर बंद राहणार, कौलं गळतात. वाडीत ठेवीन, पण पोरं उघडतील. कागद कसा जपायचा ते तुम्हाला कळतं. दुसऱ्या कुणाला कळतं?”

सुमननं चहा टाकला होता. बाई माझ्याकडेच बघून बोलत होत्या. “स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवा, ऊब लागेल तिथं. आत कापूर घातलाय, तांदळाची पुरचुंडी घातलेय. नि पंधरा दिवसांनी कधी तिरीप आली तर झाकण काढून जरा ऊन दाखवा. एवढं कराल ना?”

मला त्यांनी चित्रकार म्हणून काही विचारल्याचं ते पहिलंच. मी डबा दोन्ही हातांनी घेतला. मला अभिमान वाटला होता, हे मी नाकारत नाही. महिनाभर मी तो नीट जपला. दोनदा उघडीप मिळाली तेव्हा खिडकीत ठेवून झाकणही काढलं, पण आत हात घातला नाही.

आषाढात एका दुपारी सुमन माहेरी देवरूखला गेली होती. मी डबा माळ्यावरून खाली काढला आणि कार्डं एकेक करून चटईवर मांडली. प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली. मी सांगतो, मी पदविकेच्या वर्षी मुंबईत मोठमोठी प्रदर्शनं पाहिली आहेत. पण त्या चटईवर बासष्ट माणसं बसली होती. चेहरा नसलेली, आणि तरी मला चिठ्ठी न वाचता ओळखू येणारी. हेडसरांची वाकडी मान एका मेंढपाळाच्या वाकड्या काडीत होती. आमच्या डॉक्टरीणबाईंचं तुरुतुरु चालणं होतं. सुमनचं होतं. ते मी फार वेळ बघितलं. माझ्या बायकोची हनुवटी वर करून ऐकायची सवय त्या कागदाच्या कपट्यात होती. तीस वर्षांत मी सुमनची सात चित्रं काढली, आणि त्या सवयीकडे माझं लक्ष गेलेलं नव्हतं.

मग माझी चिठ्ठी सापडली. पांढरा कागद. गवताची काडी.

मी सगळी कार्डं परत डब्यात भरली. झाकण लावलं. आणि डबा माळ्यावर चढवला नाही. मागच्या खोलीत सिमेंटच्या फडताळात ठेवून दिला. शिडी परत लावायचा कंटाळा आला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, इतकी की हात लावला तर पाणी लागतं. मला ते ठाऊक होतं. त्यानंतर श्रावणात उन्हं पडली, तेव्हाही मी झाकण उघडलं नाही. डबा नजरेआड होता आणि मी त्या खोलीत जाणं टाळत होतो.

बाई नवरात्रात परत आल्या. मी डबा त्यांच्यापुढे आणून ठेवला. झाकण गंजून बसलं होतं, त्यांनी कात्रीच्या टोकानं उचकटलं. वास आला. हिरवी-काळी बुरशी चढली होती. खळ सुटून तारे, बिया, कापूस सगळं तळाला एकत्र झालं होतं, आणि कसरीनं नावाच्या चिठ्ठ्यासुद्धा खाल्ल्या होत्या. बाई एकेक कार्ड उचलून पदरानं पुसत होत्या. पुसलं की ते आणखी फाटायचं. सातआठ पुसल्यावर त्यांनी हात मांडीत ठेवले.

“कुठं ठेवला होता, सर?”

“मागच्या खोलीत.”

त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, दारातच थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. “त्या भिंतीला ओल येते. तुम्हाला म्हायत नव्हतं?”

सुमन स्वयंपाकघराच्या दारात होती. मी म्हणालो, “नाही.”

बाईंनी डबा उचलला. मी रिक्षापर्यंत नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, “नको, हलका झालाय.”

त्या गेल्यावर सुमन एवढंच म्हणाली, “मी डब्याचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माळ्यावर आहे तिथंच आहे.” आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

ऑक्टोबरच्या उन्हात बाईंनी पुन्हा कार्डं करायला घेतली. मी दोनदा मिरजोळ्याला गेलो, मदत करतो म्हणालो. त्यांनी पाणी दिलं, बहिणीचं सांगितलं, आणि काम दिलं नाही. नाताळपर्यंत त्यांची एकोणीस कार्डं झाली. ती त्यांनी दूरच्यांना पोस्टानं पाठवली. आणि उरलेल्या माणसांकडे, नाताळच्या दिवशी सकाळपासून, नवी निळी साडी नेसून, हातात करंज्यांसारख्या नेवऱ्यांचा डबा घेऊन स्वतः गेल्या. प्रत्येक दारात एकच वाक्य. “कार्ड सादळलं ओ, म्हणून मीच आले.”

गावभर तेच झालं. लोकांनी त्यांना बसवून घेतलं, फोटो काढले. सदाशिवनं तर त्यांना आपल्या घरून पुढच्या घरी मोटरसायकलवर पोचवलं. हेडसर, आता पंच्याहत्तरीचे, मला फोन करून म्हणाले, “साळवी, बाई आल्या होत्या. अहो, दर वर्षी कार्ड येतं, यंदा बाई आल्या!” मी फोन ठेवला. मी त्यांचा उन्हाळा नासवला होता आणि त्यांनी त्याचा सण करून टाकला होता. मला शरम वाटत होती, आणि शरमेच्या आतसुद्धा जळफळाट होता. दोन्ही एका वेळी होतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्याकडे त्या दुपारी उशिरा आल्या. सुमनच्या हातात नेवऱ्या दिल्या, तिला जवळ घेतलं. मला पर्समधून एक कार्ड काढून दिलं. डब्यातलंच होतं ते, माझं. कडेनं काळे ठिपके आलेलं. “हे तेवढं राहिलं,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यावर चिकटवलेलं काय नव्हतंच, सुटणार काय?”

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. तिथं कडीला हात लावून म्हणालो, “बाई, ओल येते ते मला माहीत होतं.”

“म्हायत आहे मला.”

“सुमननं सांगितलं?”

“ती कशाला सांगेल? मी तुमची खोली बघितली ना. सगळ्या घरात तुमची चित्रं आहेत, न्हाणीघराच्या बोळात पण आहे. त्या एका खोलीत नाय. स्वतःची चित्रं कुठं लावू नयेत ते ज्याला कळतं, त्याला दुसऱ्याची कार्डं कुठं ठेवू नयेत ते कळत नाय होय?”

“मग विचारलंत कशाला?”

“तुम्ही ‘म्हायत होतं’ म्हणाल म्हणून.”

मला खाली बघावं लागलं. पण इतकं झाल्यावरही जे मनात होतं तेच तोंडून निघालं. “माझंच कार्ड असं का करता दर वर्षी?”

बाईंनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “तुम्हीच म्हणालात ना, कातरकाम. तुमच्या दिवशी मी सकाळपासून बसते. दहा कपटे कापते नि दहा टाकते. साळवी सर बघतील, म्हणतील प्रमाण चुकलं. हातच चालत नाय. मग संध्याकाळ होते. काडी ठेवते नि उठते.” त्यांचा आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. “बासष्ट दिवस होते ते माझे, सर! मी आता त्रेसष्ट वर्षांची. किती उन्हाळे राहिलेत असं वाटतं तुम्हाला?”

बाईंनी स्वतःच फाटक उघडलं.

“पुढच्या उन्हाळ्यात परत करीन,” त्या म्हणाल्या. “तुमचं पण करीन. पण डबा तुमच्याकडे ठेवायची नाय.”

आणि तसंच केलं. डबा त्यानंतर दर पावसाळ्यात सदाशिवकडे असायचा, त्याच्या चुलीवरच्या फळीवर. पुढच्या डिसेंबरात मला जे कार्ड आलं ते कोरं नव्हतं. जुन्या निळ्या परकराच्या चिंध्या फाडून बाईंनी भाट्याचा समुद्र केला होता आणि त्यात एक होडी, होडीत भोपळ्याची बी. लाटा वाऱ्याच्या उलट दिशेनं फुटत होत्या. क्षितिज तिरकं होतं. मी ते खूप वेळ हातात धरून बसलो. त्या चिंध्यांत वारा होता. माझ्या चाळीस चित्रांत एकदाही न आलेला वारा. मी बाईंना फोन करून सांगितलं, “फार चांगलं झालंय.” त्या म्हणाल्या, “खरं ना? का उगीच?” मी म्हणालो, “खरं.” ते खरं होतं आणि ते म्हणताना मला दात आवळावे लागले, हेही खरं.

त्यानंतर पाच उन्हाळे झाले. आमचं येणंजाणं राहिलं, पण पूर्वीसारखं मोकळं नाही. भेटल्या की विचारपूस करायच्या, सुमनच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. माझ्याशी बोलताना त्यांच्या बोलण्यात एक पायरी आली होती, ती मी कधी ओलांडू शकलो नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या बहिणीकडे सावंतवाडीला गेल्या आणि तिथंच, चार दिवसांच्या तापानं गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी महिनाभर, मासळीबाजारात. सकाळची वेळ, पाय ठेवायला जागा नाही. मी थोडा लांब, बर्फाच्या गाड्याआड उभा होतो. बाई एका कोळणीपुढे उकिडव्या बसून बांगडे निवडत होत्या. कल्ला उचलून बघायच्या, नाक मुरडायच्या, परत ठेवायच्या. कोळीण ओरडत होती, “अगो बाय, सगळ्यांचे कल्ले बघशील काय? लगीन लावायचंय काय त्यांचं?” बाई काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही, पण कोळीण हसून हसून मागे कलंडली आणि आजूबाजूच्या चौघी हसल्या. मग तिनं पिशवीत मोजलेले बांगडे घातले, आणि न मागता वर दोन आणखी घातले, टोपलीतले सगळ्यात टपोरे. बाईंनी तिच्या दंडावर थोपटलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि भरलेल्या रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसल्या. एक पाय बाहेर, पिशवी छातीशी. हाक मारावी की नाही ते माझं ठरेपर्यंत रिक्षा वळणावरून खाली गेली.

वीस वर्षं मी त्याच कोळणीकडून मासे घेतो आहे. मला तिनं एक बांगडा कधी वर घातलेला नाही.

मी पुढे झालो. “आत्ता त्या बाईंना दिलेत ना,” मी म्हणालो, “तसलेच द्या.”

कोळणीनं टोपलीवर पाणी मारलं. “तसले संपले,” ती म्हणाली.